डब्यातली अंबाडी

आमच्या वस्तीत जमीन म्हणून जी काही आहे ती तेलाच्या डब्यात मावते. पंधरा किलोचा पत्र्याचा डबा. वरचं तोंड कापलेलं, बुडाला खिळ्यानं पाच भोकं पाडलेली. असे एकोणीस डबे आमच्या छपरावर ओळीनं उभे आहेत. पुण्यातल्या एका टेकडीच्या उतारावरची वस्ती. पत्र्याला वजन झेपत नाही, म्हणून जिथं खाली भिंत आहे तिथंच डबा. ही आमची शेती. सातबारा नाही, बांध नाही, भाऊबंदकीचं भांडणही नाही.

मी बत्तीस वर्षांचा. रात्री पार्सलच्या गोदामात पाळी, दिवसा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आईला सगळं कळतं. जालना जिल्ह्यात, मंठा तालुक्यात आमचं गाव. आईनं अर्धा जन्म दुसऱ्याच्या रानात काढला. खुरपणी, कापूसवेचणी, मिरचीच्या रोपांची लावणी. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. खडी फोडली, सुकडी खाल्ली. कोणत्या मातीत काय येतं, पान पिवळं का पडतं, मावा कशानं पडतो, सगळं तिच्या बोटांत आहे. नावावर मात्र एक गुंठा नाही. कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेल्याला आपण शेतीतज्ज्ञ म्हणतो. हिला मजूर म्हणतो. मित्रांनो, हा शब्दांचा कारभार जरा तपासून पाहा.

दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला तो १९५९ साली, पुन्हा १९६४ ला. माणसं तुरुंगात गेली ती पडीक अन् गायरान जमीन कसायला मिळावी म्हणून. माझा मामा त्याच वाटेनं गायरानात घुसला. १४ एप्रिल १९९० च्या आधीचं अतिक्रमण असेल तर ते नियमित करायचं, असा सरकारी निर्णय १९९१ साली निघाला. मामाकडं त्याआधीच्या दंडाच्या पावत्या आहेत. प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या पेटीत. तलाठी बदलतात, पावत्या तिथंच आहेत. पण मामा दरसाल पेरतो. ज्वारीच्या कडेनं अंबाडीच्या दोन ओळी असतातच. त्याच अंबाडीचं बी आईनं लुगड्याच्या गाठीत बांधून आणलं.

अंबाडी सगळ्यांनाच ठाऊक असेल असं नाही. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. पान आंबट. त्याची भाजी करतात, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणाचं तेल. झाड वाढलं की खोड पाण्यात कुजवून वाख काढायचा. त्या वाखाचे दोर, कासरे आपल्याच मांगवाड्यातले हात वळायचे. पोळ्याला गावभरच्या बैलांच्या गळ्यात नवं दावं. बैलाची पूजा व्हायची. दोर वळणारा मात्र वेशीच्या बाहेर.

तर मार्चच्या शेवटी सुरुवात केली. पाऊस पडल्यावर पेरायची ही वस्तू, पण आई म्हणाली, भाजीपुरती कधीबी येती. डबे अजून जमायचे होते. म्हणून चहाच्या टपरीवरचे कागदी कप गोळा केले. बुडाला भोक, आत माती, एका कपात दोन बिया. उगवल्यावर जोमदार रोप ठेवायचं, दुसरं उपटायचं नाही, नखानं खुडायचं. उपटलं तर शेजारच्याची मुळी हलते.

चार-पाच पानं झाली अन् कपाच्या भोकातून पांढरी मुळी बाहेर डोकावली. आई म्हणाली, "घर ल्हान पडलं त्याला. आता हालीव." दहा बाय दहाच्या खोलीत आम्ही सात जण राहत होतो तेव्हा ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. असो.

रोप हलवायचं काम दिसतं सोपं. गावाकडची काळी माती तशीच डब्यात भरली तर ओली असताना चिखल अन् वाळली की दगड. भेगा पडतात, मुळ्या तुटतात. म्हणून एक घमेलं माती, एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं जाड वाळू. वाळू विकत घ्यायची ऐपत नसेल तर मुरूम चाळून घ्यावा, आम्ही तेच केलं. बुडाच्या भोकांवर खापरीचे तुकडे, म्हणजे पाणी जातं अन् माती राहते. डबा काठोकाठ भरायचा नाही. वर दोन बोटं जागा पाण्याला.

आदल्या संध्याकाळी कपात पाणी घालून ठेवायचं. म्हणजे मातीचा गोळा धरून राहतो. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कप फाडायचा. रोपाला खोडाला धरून ओढायचं नाही. खोड एकदा चेंगरलं की संपलं. पान गेलं तर दुसरं येतं. अंबाडीची मुळी सरळ खाली जाते, ती दुमडता कामा नये. कपात जेवढं खोल होतं तेवढंच डब्यात. टमाट्याची गोष्ट वेगळी. त्याला गळ्यापर्यंत पुरलं तरी चालतं, खोडालाच मुळ्या फुटतात. मग हलक्या हातानं माती दाबायची अन् दोन-तीन दिवस जुन्या साडीची सावली.

आता पाणी. नवशिका माणूस रोपं मारतो ती तहानेनं नाही, पाणी पाजून पाजून मारतो, असं आईचं मत. आमच्याकडं ते भय कमी. नळ पहाटे पाचला येतो, साडेसातला जातो, अन् मध्ये रांग. तांदूळ, डाळ धुतलेलं पाणी रोपांना. साबणाचं नाही. सकाळी मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापर्यंत. "वलं लागलं तं ऱ्हाऊ दे तसंच. कोरडं लागलं तं दे." डबा जरा उचलून पाहिला तरी वजनावरून कळतं. द्यायचं तर बुडातून थेंब गळेपर्यंत द्यायचं. वरवर शिंपडलं की मुळ्या वरच राहतात, अन् उन्हात मरतात. दुपारी पानं माना टाकतात, तेव्हा धावत सुटायचं नाही. संध्याकाळी पुन्हा उभी राहिली तर ते ऊन होतं, तहान नव्हती. माती ओली अन् खालची पानं पिवळी, म्हणजे पाणी जास्त झालं.

आई लहान असताना गावच्या विहिरीवर आमच्या बायका कडेला उभ्या राहायच्या. कुणी वरून ओतील तेव्हा घागर भरायची. दिवसाला किती पाणी लागतं, किती थेंबात काय भागतं, हे तिला तिथं समजलं. आज ती एका तांब्यात तीन डबे भागवते. या कौशल्याचं मला कौतुक करवत नाही.

खताचं थोडक्यात. पहिले तीन आठवडे काहीच नाही, मातीतलं पुरतं. गोदामातला एक दोस्त मूठभर युरिया घेऊन आला. आईनं पुडी परत दिली. "पाळन्यातल्या लेकराला भाकर चारतो का कुनी?" युरियात शेकडा ४६ नत्र. कोवळ्या मुळीला ते झेपत नाही, पानांच्या कडा जळतात. अन् जगलंच तर पान इतकं लुसलुशीत होतं की मावा चालून येतो. त्याऐवजी बकरीच्या मूठभर लेंड्या बादलीत रात्रभर भिजवायच्या, गाळायचं, चहाच्या रंगाचं होईपर्यंत पाणी वाढवायचं. पंधरा दिवसांनी एकदा. ताजं शेण नको, त्यात उष्णता असते.

मे महिन्यात रोपं दोन हात झाली. अंबाडीचं पान लहानपणी साधं असतं, वाढता वाढता फाटत जातं. पाच बोटांसारखं होतं. लांबून पाहणाऱ्याला दुसरंच काही वाटावं असं. शास्त्रज्ञांनी तिच्या नावातच ते ठेवलंय. हिबिस्कस कॅनाबिनस. म्हणजे भांगेसारखी दिसणारी.

एके दुपारी दोन शिपाई वस्तीत आले. दुसऱ्याच कुणाला शोधत होते. त्यातल्या एकाची नजर वर गेली.

"काय लावलंय रे हे?"

"अंबाडी."

"नाव काय तुझं? ... पूर्ण सांग. आडनाव."

आडनाव सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे झालं ते तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळ्यांनी ते पाहिलेलं आहे. तो शिडीवर चढला. मोबाइलनं फोटो काढले. डब्यांचे, माझे, घराच्या नंबराचे. एक रोप मुळासकट उपटलं. "गांजा लावतो अन् अंबाडी म्हणतो." खाली माणसं जमली. मला त्या क्षणी दिसत होता तो फक्त चारित्र्य पडताळणीचा कागद. नोकरी लागली तर ज्याच्यावर पोलिसांचा शिक्का लागतो तो.

आई पुढं झाली. त्याच रोपाचं पान तोडून तिनं तोंडात टाकलं. चावलं. दुसरं पान त्याच्यापुढं धरलं. "खाऊन पाय, साहेब. आंबट लागंल." त्यानं हात पुढं केला नाही. दुसरा शिपाई वयानं मोठा, खेड्यातला असावा. त्यानं पान घेतलं, चघळलं, थुंकला. म्हणाला, "अंबाडीच हाय. चल." अन् दोघं गेले. माफी वगैरे काही नाही. तशी अपेक्षाही नव्हती.

कुंभमेळ्यात चिलमीचा धूर ढगासारखा उठतो, तिथं कुणी आडनाव विचारत नाही. इंग्रजांच्या काळात अहमदनगरकडं परवान्यावर गांजाचं पीक निघायचं, सरकार त्यावर कर घ्यायचं. १८९३-९४ साली त्यांनी त्यासाठी आयोगही नेमला होता. आजचा कायदा १९८५ चा, अमली पदार्थांचा. गांजाचं एक झाड जरी मुद्दाम लावलं तरी कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी अन् एक लाखापर्यंत दंड. त्यामुळं कुणी हौसेनं असलं काही लावू नये, हे मी वस्तीतल्या पोरांना स्पष्ट सांगतो. पण त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणं घरात शिरून झडती घ्यायचा अधिकार शिपायाला नाही, त्याच्या वरच्या दर्जाचा अधिकारी लागतो. कलम ५० प्रमाणं अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची मागणी करता येते. ही दोन कलमं पाठ करून ठेवा. मी ती त्या दिवसानंतर वाचली.

अन् झाडही ओळखता आलं पाहिजे. गांजाचं पान म्हणजे वेगवेगळी पानं एका देठावर जोडलेली, प्रत्येकाची कड करवतीसारखी. अंबाडीचं पान एकच असतं, बोटं तळव्याला जोडलेली. अंबाडीच्या खोडाला बारीक काटे, बोट फिरवलं की लागतात. फूल तर भेंडीसारखं, पिवळसर, मध्ये गडद लाल. गांजाच्या फुलाला पाकळ्याच नसतात. अन् चव आहेच.

उपटलेलं रोप पायरीवर पडलं होतं. मुळीला माती उरली नव्हती. आईनं ते आधी पाण्याच्या तांब्यात उभं केलं. अर्धी पानं खुडली, का, तर मुळी थोडी राहिली, तिला एवढ्या पानांची तहान भागवता येत नाही. संध्याकाळी डब्यात लावलं, काडीचा आधार दिला, सात दिवस मोरीच्या सावलीत ठेवलं. आठ दिवस ते मेल्यासारखंच होतं. मग बगलेत हिरवा ठिपका आला.

खुडलेल्या पानांची भाजी झाली त्या रात्री. कण्या कमी पडल्या, शेजारणीकडून वाटीभर आणल्या.

त्या शिपायाच्या मोबाइलात फोटो अजून असतील. बाकीच्या झाडांना सप्टेंबरात फुलं आली, त्याला ऑक्टोबरात. बोंडं वाळल्यावर बी काढलं. औषधाच्या चार बाटल्या भरल्या. वस्तीतल्या अकरा घरांनी डबे मागितलेत, तेलाच्या दुकानात सांगून ठेवलंय. मामाला निरोप दिलाय, येताना गायरानातली माती आण, दोन पोती.