मी वाघ मोजायला जातो

"वाघ मोजायला जाणार? तुम्ही?" आमच्या सौभाग्यवतींनी पोळी लाटता लाटता विचारले. "आधी त्या उत्तरपत्रिका मोजा. तीन गठ्ठे पडलेत कोपऱ्यात."

वाचकहो, त्यांचे चुकत नव्हते. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, सत्तेचाळिशीला टेकलेल्या आणि जिना चढताना गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाने रात्रभर मचाणावर बसायचे म्हणजे जरा अतीच. पण मी हट्टाला पेटलो होतो. 2025 सालची वैशाखी पौर्णिमा 12 मे रोजी होती. त्या रात्री ताडोबाच्या बफर क्षेत्रात पाणवठ्यांवर बसण्यासाठी मी रीतसर शुल्क भरून नाव नोंदवले होते. नागपूरहून निघालो तेव्हा पिशवीत भाकरी, पिठले, दोन मोठ्या बाटल्या पाणी आणि दुर्बीण होती. अंगात मातकट रंगाचा सदरा होता आणि मनात, खरे सांगतो, थोडासा गर्व. आपण जंगलासाठी काही करायला निघालो आहोत, असा.

ही पौर्णिमेची प्रथा जुनी. वैशाखात रानातले ओढे आटतात, झाडांची पाने झडलेली असतात आणि तहानलेल्या जनावराला उरल्यासुरल्या पाण्यावर यावेच लागते. त्यात चांदणे लख्ख. म्हणून वनखाते याच रात्री माणसे बसवून गणती करी. वाघांच्या पावलांचे ठसेही घेत. पण एकच वाघ दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जातो आणि त्या रात्री तो फिरकलाच नाही तर मुळीच मोजला जात नाही. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि रानात एकही उरला नव्हता, हे 2005 साली उघड झाले. त्यानंतर 2006 पासून देशातली गणती कॅमेऱ्यांच्या आधारे होऊ लागली. वाघाच्या अंगावरचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे ज्याचे त्याचे निराळे असतात. 2022 च्या गणतीत महाराष्ट्रात 444 वाघ निघाले, ते या पद्धतीने. तेव्हा आमच्या पौर्णिमेच्या तक्त्याला आता शास्त्रात स्थान नाही. वनखात्यानेही तिचे नाव बदलून 'निसर्गानुभव' ठेवले आहे. अनुभव आमचा, निसर्गाला त्याचे काय!

ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. 1955 साली ते झाले तेव्हा हा मुलूख मध्यप्रदेशात होता. तारू नावाच्या गोंड प्रमुखाचा तलावाकाठी वाघाशी झुंजताना अंत झाला आणि लोकांनी त्याला देव केले, अशी कथा सांगतात. तलावाकाठी त्याचे ठाणे आहे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाचे रान आज वाघांचे म्हणून जगभर ओळखले जाते. हे रान आपोआप टिकले असे मात्र नाही. चंद्रपूरच्या जमिनीखाली कोळसा आहे. ताडोबाजवळ लोहाऱ्याला खाण येऊ घातली तेव्हा, 2009 साली, चंद्रपूरच्या 'इको-प्रो' संस्थेचे बंडू धोत्रे उपोषणाला बसले. लोकांनीही आवाज उठवला आणि त्या खाणीला केंद्राची परवानगी मिळाली नाही. सरकारी फायलीपुढे उपाशी बसायला मचाणावर बसण्यापेक्षा जास्त छाती लागत असावी.

मचाणावर माझ्या सोबतीला जवळच्या गावचा एक तरुण होता. वय पंचविशीचे, बोलणे मोजके. चारच्या सुमारास आम्ही वर चढलो. मोरांनंतर चितळांचा एक कळप आला, चौदा. मी टिपून घेतले. नंतर ढग आले आणि चंद्र झाकला. अंधारात काहीतरी फुसफुसत पाण्यावर आले.

"अस्वल हाय जी," तो माझ्या कानाशी पुटपुटला. मी तक्त्यात लिहिले, अस्वल : एक.

"वाघ येईल का रे?" मी कुजबुजलो.

"काय सांगू, सर. तुम्हाले पाह्यचा हाय म्हणून येत नाही आन् आम्हाले नको असते तवा येते."

थोड्या वेळाने तो आपणहून बोलला. दोनच दिवसांपूर्वी, 10 तारखेला, सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढामाल गावच्या तीन बाया तेंदूपाने तोडायला गेल्या असता वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या होत्या. मी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली होती, चहा पिताना. हा मात्र त्याच दिवसापासून गावात दारोदार सांगत फिरत होता, की एकटे जाऊ नका, वाकून पाने तोडताना एकाने उभे राहून पाहत राहा. त्यांच्या गावात अशा सात-आठ पोरांचे प्राथमिक प्रतिसाद दल आहे. वाघ गावाजवळ आला की लोक काठ्या आणि मोबाइल घेऊन धावतात. गर्दीत वाघ बिथरतो आणि मग माणूस तरी मरतो नाही तर वाघ तरी. तेव्हा वनखात्याची माणसे येईपर्यंत गर्दीला मागे रेटून धरायचे, हे या पोरांचे काम. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत, आरमोरीकडे, त्याची मावशी असते. तिकडच्या रानांतही गेल्या काही वर्षांत वाघ परतले आहेत. "तिकडचे पोरं म्हणते, आम्हाले बी शिकवा," तो म्हणाला.

अडीचच्या सुमारास त्याच्या खिशात फोन थरथरला. गावाच्या कडेला, गोठ्याजवळ, वाघाने गाय मारली होती. माणसे जमू लागली होती.

तो कितीतरी वेळ पडद्यावर बघत बसला. अंधारात खाली उतरणे शक्य नव्हते आणि मला एकटे सोडून जाण्याची त्याला मुभाही नव्हती. बायकोला, मित्राला, आणखी कुणाकुणाला तो बोटांनी भराभर लिहीत होता. मी कधी नव्हे इतका अवघडलो. ज्याने त्या रात्री आपल्या गावात असायला हवे होते, तो माझी राखण करीत झाडावर बसला होता, कारण मला वाघ मोजायचा होता!

उजाडताच उतरलो. मीही त्याच्याबरोबर गावात गेलो. गाय तशीच पडली होती. पोरांनी दोरी बांधून साठ-सत्तर माणसे पलीकडे रोखली होती. रात्रभर ओरडून त्यांचे आवाज बसले होते. कोणी काही केले नव्हते आणि कोणाला काही झाले नव्हते. वाघ रानात परतला होता.

रस्त्याच्या कडेला पाच-सहा बाया पाने बांधायची फडकी घेऊन बसल्या होत्या. तेंदूचा हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. 70 पानांचा एक पुडा. त्या पैशावर पावसाळ्याचे बियाणे आणि पोरांच्या वह्या अवलंबून असतात.

"आज नको जाऊ, आजी," तो म्हणाला.

"आन् उद्या? उद्या तू देशीन का पैसे?" म्हातारीने विचारले.

त्याच्याजवळ उत्तर नव्हते. माझ्याजवळ तर मुळीच नव्हते. मी दुर्बिणीचा पट्टा चाळवीत उभा राहिलो. मग त्याने दोन पोरांना बोलावले. वाघ गेला होता त्याच्या उलट दिशेला, नाल्यापलीकडे, सगळ्यांनी मिळून जायचे आणि ऊन चढायच्या आत परतायचे, असे ठरले. एक पोरगा काठी आपटीत पुढे, एक मागे, मध्ये बाया. तो स्वतः पुढे झाला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता त्याच्या.

मला नऊच्या आत मोहर्लीला तक्ता द्यायचा होता. चितळ चौदा, मोर पाच, अस्वल एक, वाघ निरंक. कारकुनाने तो घेऊन ढिगावर ठेवला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी विचारले, "दिसला का?"

"नाही," मी म्हटले आणि गठ्ठा सोडला. पण पहिल्या उत्तरपत्रिकेवर अर्धा तास गेला तरी मन लागेना. मोबाइल समोरच ठेवला होता. संध्याकाळी साडेसहाला त्याचा निरोप आला : "सर, सगळ्या आल्या वापस."

मी तो सौभाग्यवतींना वाचून दाखवला. कोण सगळ्या, हे सांगायला मग जेवणाची वेळ टळून गेली.