यादीतलं नाव

2018 साली मी महिन्याभरात दोन निवडणुका पाहिल्या आणि दोन्हींत मत दिलं नाही.

पहिली इथली, मिशिगनची मध्यावधी निवडणूक. मंगळवार, 6 नोव्हेंबर. आमच्या शेजारच्या आजी कोटावर 'आय व्होटेड'चा स्टिकर लावून मिरवत होत्या. मी ग्रीन कार्डवाली, त्यामुळे मला फक्त बघायचं होतं. ग्रेचेन व्हिटमर गव्हर्नर म्हणून निवडून आल्या, बिल शूटी हरले. त्याच मतपत्रिकेवर 'प्रपोझल 3' होतं. मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता यावं, अशी त्यातली एक तरतूद होती. लोकांनी ते मोठ्या बहुमतानं मंजूर केलं. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. यादीत नाव नसणारी माणसं असतात तरी कोण, असंच मनात आलं.

पुढच्याच महिन्यात मी माहेरी आदिलाबादला गेले.

आपल्या मंडळात कुणाला आदिलाबाद सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे तुम्ही तेलुगू का?" नाही हो. नागपूरला विमानातून उतरायचं, हिंगणघाट, पांढरकवडा, पाटणबोरी असं दक्षिणेला जायचं, पैनगंगेचा पूल ओलांडायचा, की आलंच आदिलाबाद. पुलाच्या अलीकडे काळी माती आणि कापूस, पलीकडेही काळी माती आणि कापूस. बदलतात त्या फक्त दुकानांच्या पाट्या. डिसेंबरात वेचणी चालू असते. कापसानं भरलेल्या गाड्या बाजार समितीकडे निघालेल्या असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकलेले दिसतात. घरी आईनं अंबाडीचं लोणचं काढून ठेवलं होतं. शेजारच्या अक्का त्यालाच पुंटीकूर म्हणतात. बरणी दोन्ही घरांत फिरते, त्यामुळे नावावरून भांडण नाही.

बाबांचा जन्म किनवटचा. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 1956 साली राज्यांची फेररचना झाली, तेव्हा किनवट नांदेडला गेलं, राजुरा तालुकाही तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि नांदेडचा मुधोळ आदिलाबादला आला. बाबा आदिलाबादला शिकायला होते, ते तिथेच राहिले. ते गमतीनं म्हणतात, "मी जिल्हा सोडला नाही, किनवटनं सोडला." मग 2014 मध्ये तेलंगण झालं. हैदराबाद संस्थानापासून मोजलं, तर गाव न बदलता बाबांनी तीन राज्यं पाहिली. 2016 मध्ये तर जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले.

त्या वर्षी तेलंगणची निवडणूकही मुदतीआधीच होत होती. मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी 6 सप्टेंबरला विधानसभा बरखास्त केली होती. मतदान 7 डिसेंबरला. गल्लीतून प्रचाराच्या जीपगाड्या तेलुगूत ओरडत जायच्या, चौकात मराठीत आणि मशिदीकडे वळल्या की उर्दूत.

सात तारखेला बाबा सकाळी सहालाच आंघोळ करून तयार. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशात ओळखपत्र. बाबा मराठी शाळेचे शिक्षक होते. त्यामुळे नोकरीभर प्रत्येक निवडणुकीत त्यांना ड्युटी लागायची. कधी उटनूरच्या डोंगरात, कधी बोथच्या बाजूला. पेट्या घेऊन जायचं, शाळेच्या फरशीवर झोपायचं आणि सकाळी लोकांच्या बोटांना शाई लावायची. मतदान म्हणजे त्यांच्या लेखी सणच.

तासाभरानं ते परत आले. बोट कोरडं होतं.

"यादीत नाव नाही," एवढंच म्हणाले.

ओळखपत्र होतं, पत्ता तोच, आईचं नावही जागेवर होतं. बाबांचं मात्र नव्हतं. कसं गेलं कुणास ठाऊक. त्या दिवशी राज्यात अशा खूप तक्रारी आल्या आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर दिलगिरीही व्यक्त केली. पण बाबांना दिलगिरी नको होती. आई मत देऊन आली, तिनं शाईचं बोट पदराआड लपवलं, ते मी पाहिलं. दुपारी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "महाराष्ट्रवाले आपल्याला आंध्राचे म्हणतात, इथले महाराष्ट्राचे म्हणतात. निदान यादीत तरी मी इथला होतो गं."

मी काय बोलणार? माझा पासपोर्ट भारताचाच आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीयाला 6अ नमुना भरून गावच्या यादीत नाव लावता येतं, मतदानाला मात्र प्रत्यक्ष यावं लागतं. मी तो नमुना कधी उघडूनही पाहिला नव्हता. बाबांचं नाव कुणीतरी घालवलं होतं. माझं मी स्वतःच घालवलं होतं.

मंगळवार, 11 डिसेंबर. निकाल. सकाळपासून तेलुगू वाहिनी लावलेली. पहिल्या फेऱ्यांतच चित्र स्पष्ट झालं. 119 पैकी तेलंगण राष्ट्र समितीला 88, काँग्रेसला 19. आदिलाबादमधून जोगू रामन्ना, बोथमधून राठोड बापूराव, दोघेही सत्ताधारी. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी नऊ त्याच पक्षाला. अक्कांचा मुलगा म्हणाला, "काका, रयतू बंधूचं मत आहे हे." त्या वर्षीच सुरू झालेली योजना ती, एका हंगामाला एकरी चार हजार रुपये थेट शेतकऱ्याला. पुलापलीकडे यवतमाळचा शेतकरीही त्याची चौकशी करायचा. नांदेडच्या धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांनी तर आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली.

दहावी जागा आसिफाबादची. तिथे काँग्रेसचे आत्राम सक्कू जिंकले, कोवा लक्ष्मी हरल्या. फरक फक्त 171 मतांचा.

बाबा खुर्चीतून उठले. "एकशे एकाहत्तर! आमच्या शाळेच्या एका बूथवर याहून जास्त मतं पडायची." मग थोडं थांबून म्हणाले, "परंडोळीवाल्यांनी तिथेच मतं दिली असणार. चल, तुला दोन-दोन मतं असलेली माणसं दाखवतो."

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी केली. गुडिहतनूरला हमरस्ता सोडला. मुतनूरजवळ केसलापूरच्या नागोबाकडे जाणारा फाटा लागला. पौषाच्या अमावास्येला तिथे गोंडांची मोठी जत्रा भरते. पुढे इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर, मग केरामेरीचा सागवानाचा घाट. ड्रायव्हर अण्णा फोनवर घरी तेलुगू, मित्राशी उर्दू, वाटेत रस्ता विचारताना गोंडी आणि आमच्याशी मराठी बोलत होते. घाटानंतर कच्चा रस्ता सुरू झाला आणि बाबांनी खिडकीची काच खाली केली.

परंडोळी आणि आसपासची डझनभर गावं दोन्ही राज्यांच्या हिशेबात आहेत. तेलंगणच्या कागदावर केरामेरी मंडल, आसिफाबाद मतदारसंघ. महाराष्ट्राच्या कागदावर चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका, राजुरा मतदारसंघ. गावात मराठी शाळा आहे, तेलुगूही आहे. रेशनकार्डं दोन, सरपंच दोन, मतदार ओळखपत्रंही दोन. कायद्यानं माणसाचं नाव एकाच मतदारसंघात असायला हवं. पण इथे प्रश्न माणसांचा नाही, गावाचाच आहे. वाद कोर्टापर्यंत जाऊन आला आणि गावं जिथल्या तिथे राहिली.

बाबांचा एक जुना विद्यार्थी तिथे राहतो. आता त्याचेच केस पांढरे झालेत. "गुरुजी!" म्हणत तो अंगणातच पाया पडला. त्याचे आईवडील दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आले, जंगलाकडेची जमीन साफ करून कसू लागले. चहा झाला. मी हसत विचारलं, "काका, तुमचं बरं आहे, दोन-दोन मतं!"

त्यानं आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली आणि दोन्ही राज्यांची कार्डं खाटेवर पत्त्यांसारखी मांडली.

"हे बघा ताई. मत मागायला दोघं बी येतेत. दोघांच्या यादीत माझं नाव हाय. पर ज्या जमिनीत मी चाळीस वर्सं राबलो, तिच्या कागदावर नाय. इकडं पट्टा नाय, तिकडं सातबारा नाय."

"मग रयतू बंधूचे पैसे?" बाबांनी विचारलं.

"पट्टा असंल त्याला मिळतेत, गुरुजी. मत घेताना कुणी पट्टा इचारत नाय."

बाहेर अंगणात वेचलेल्या कापसाचा ढीग होता. तो कुणाच्या नावावर विकायचा, हाही दरवर्षीचा प्रश्न, असं त्याची बायको म्हणाली. बाबा बराच वेळ ती कार्डं हातात घेऊन बसले. मग त्यांनी त्यालाच आपली गोष्ट सांगितली, यादीत नाव नसल्याची. तो एवढा हसला की बाबांनाही हसू आलं. "गुरुजी, माझ्यातलं एक घ्या!"

परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत अंधार पडला होता. बाबा म्हणाले, "उद्या मला तो नवा अर्ज भरून दे." त्या रात्री मी दोन अर्ज भरायला घेतले, त्यांचा सहा आणि माझा सहा-अ.

पुढचं थोडक्यात सांगते. 171 मतांनी निवडून आलेल्या आमदारांनी तीन महिन्यांच्या आत, मार्च 2019 मध्ये, सत्ताधारी पक्षाची वाट धरली. 11 एप्रिलला लोकसभेचं मतदान झालं, चंद्रपूर आणि आदिलाबाद दोन्हीकडे एकाच दिवशी. 23 मे रोजी निकाल लागला, तेव्हा मी इथे रात्रभर जागी होते. चंद्रपूरमधून काँग्रेसचे बाळू धानोरकर आले, त्या वर्षी महाराष्ट्रात काँग्रेसला मिळालेली ती एकमेव जागा. आदिलाबादमधून भाजपचे सोयम बापूराव आले. म्हणजे बाबांच्या त्या विद्यार्थ्याला एकाच दिवशी दोन खासदार मिळाले, तेही समोरासमोरच्या पक्षांचे. जमिनीचा कागद मात्र तेव्हाही मिळाला नव्हता.

एप्रिलला मला जाता आलं नाही. पण 11 तारखेला सकाळी फोनवर एक फोटो आला. मजकूर काही नव्हता. पांढऱ्या सदऱ्यासमोर धरलेलं सुरकुतलेलं बोट आणि त्यावर शाईची ओली रेघ.

शेजारच्या आजींना मी तो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आमच्या स्टिकरपेक्षा हे बरं. पुसलं जात नाही."