सुरंगीच्या गावचे सुगंधी वाळवण

माघ सरत आला, महाशिवरात्र जवळ आली, की वेंगुर्ले तालुक्यातल्या वाटांना वास सुटतो. आंब्याचा मोहोर आणि काजूची बोंडे यांचा वास तर असतोच. पण त्यांवर मात करतो तो सुरंगीचा. झाड दिसण्याआधी त्याचा वास भेटतो, आणि वासाच्या मागोमाग मधमाश्यांची गुणगुण.

सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण टोकाला, गोव्याच्या शेजारी हा मुलूख आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरती सुरू झाल्यापासून मुंबईकडून येणे सोपे झाले आहे. सावंतवाडी किंवा कुडाळ स्थानकावर उतरावे आणि वेंगुर्ल्याची एस.टी. धरावी. वेंगुर्ले हे जुने बंदर. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली होती. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. शेतकऱ्यांना हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती इथल्याच फळ संशोधन केंद्राने दिल्या.

आसोली, आरवली, सोन्सुरे, टांक ही याच तालुक्यातली सुरंगीची गावे. आसोलीचे नाव तर सुरंगीशी जोडूनच घेतात. लाल माती, जांभा दगडाचे गडगे, माडा-पोफळीची कुळागरे आणि परसात, बांधावर उभी असलेली काळपट हिरव्या पानांची थोराड झाडे. तीच सुरंगी.

एका कळ्याची किंमत

सुरंगी ही उंडी आणि नागकेशर यांच्या कुळातली. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी, कोकणापासून खाली मलबारापर्यंत हे झाड आढळते. पाने जाड आणि चकचकीत. बारा महिने ते हिरवे असते. फुले शेंड्याला न येता जून फांद्यांवर, पाने गळून गेलेल्या पेरांवर झुबक्यांनी फुटतात. फांदीला मोती चिकटवावेत तशी दिसतात. पाकळ्या पांढऱ्या, चार. आणि मधोमध पिवळ्याधमक केसरांचा गोंडा. सारा वास त्या केसरात.

हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. त्यातही एका झाडाचा बहर थोड्याच दिवसांचा, म्हणून घरातले लहानथोर सारे कामाला लागतात. उजाडता उजाडता गडी झाडावर चढतो. खाली बायका जुनी लुगडी, चादरी अंथरतात. वरून कळे झाडले की टपटप पाऊस पडावा तसे ते कापडावर पडतात. ऊन चढण्याच्या आत हे काम आटपावे लागते, कारण ऊन लागले की कळे उमलू लागतात आणि माश्यांची गर्दी होते.

“फूल फुलला काय त्येचा मोल गेला,” खळ्यात कळे निवडत बसलेल्या एक आजी आम्हाला म्हणाल्या. त्यांच्या भोवती घरातल्या सुना आणि नाती वळेसर गुंफत होत्या. वळेसर म्हणजे सुरंगीचा भरगच्च गजरा. बोटे अशी भरभर चालत होती की दोरा दिसतच नव्हता. हे वळेसर त्याच दिवशी वेंगुर्ले, सावंतवाडी, शिरोडे इथल्या बाजारात जातात. गोव्यातल्या बायकांनाही सुरंगीचे फार वेड, म्हणून हंगामात हे गजरे सीमेपलीकडेही विकले जातात.

पण संध्याकाळी उरलेल्या गजऱ्याला कोण विचारतो? दिवसभराची मेहनत गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. म्हणून इथल्या घरांनी फार पूर्वीपासून दुसरी वाट धरली आहे. ती म्हणजे वाळवण.

ताजे एक दिवसाचे, सुके वर्षाचे

न उमललेले कळे खळ्यात पसरून सुकवतात. दिवसातून दोन-तीन वेळा हात फिरवतात. संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करून आत घेतात. चांगला वाळलेला कळा तांबूस तपकिरी होतो आणि चिमटीत धरला की कट्‌कन मोडतो. दबला तर समजावे, अजून ओल आहे. ओला कळा पोत्यात भरला तर बुरशी धरते आणि सगळे पोते वाया जाते.

हे सुके कळे व्यापारी वजनावर घेतात. अत्तरे आणि सुवासिक तेले करणाऱ्यांकडे तो माल जातो. काष्ठौषधींच्या बाजारात हेच कळे ‘लाल नागकेशर’ म्हणून ओळखले जातात, आणि पूर्वी रेशीम रंगवायलाही ते वापरीत. आजी पुढे म्हणाल्या, “ताज्या फुलाक एक दिस, सुकल्या कळ्याक वरीस.” या एका वाक्यात सारे अर्थशास्त्र आले.

मात्र यातही अडचण आहे. मार्च महिन्यात आभाळ भरून आले किंवा अवेळी सर आली की खळ्यातला माल काळा पडतो. भाव व्यापारी ठरवतो, आणि सगळ्यांचे कळे एकाच वेळी वाळत असल्याने घासाघीस करायला जागा राहत नाही. मेहनत घरची, झाड घरचे. पण मालाची वस्तू होते ती दुसऱ्याच्या दारात. म्हणूनच काही घरांनी थोडे कळे मागे ठेवून घरीच वासाच्या वस्तू करायला घेतल्या आहेत. आम्हाला पाहायचे होते ते हेच.

घरातली वासाची पेटी

कोकणातल्या जुन्या घरांत कपड्यांच्या पेटीत काहीतरी वासाचे ठेवण्याची रीत आहे. केवड्याचे पान लुगड्याच्या घडीत जाते. ओवळाच्या, म्हणजे बकुळीच्या, सुक्या माळा पेटीच्या तळाशी असतात. बकुळीचे फूल गळून पडते ते मधे आपोआप भोक घेऊनच, म्हणून सुईसुद्धा लागत नाही. केळीच्या सोपटाच्या धाग्यात पोरे सकाळी झाडाखाली बसून ती ओवून टाकतात. फूल तपकिरी पडते, सुकून कागदासारखे होते, तरी वास सोडत नाही. वर्षानंतर पेटी उघडली तरी तो भेटतो.

तिसरा जिन्नस वाळा. त्याची मुळे माठात घालतात, पंखे करतात, हे सर्वांना माहीत आहे. इथे आम्ही वाळ्याच्या छोट्या बाहुल्या, कड्या आणि वेण्या पाहिल्या. मुळे तासभर पाण्यात भिजवली की मऊ होतात. मग तीन पदरांची वेणी घालावी, टोके जुळवून दोऱ्याने बांधावीत आणि सावलीत वाळू द्यावे. वाळल्यावर कडी ताठ राहते. तिच्यात मधे चार बकुळीची फुले ओवून टांगली की दाराला शोभेचे तोरण होते. वास मंदावला तर पाण्याचा हबका मारावा, पुन्हा दरवळते.

चौथा जिन्नस ऐकून शेतकरी हसतील. लव्हाळा! शेतात आपण ज्याच्या नावाने बोटे मोडतो, त्याच्या मुळाशी असलेल्या काळ्या गाठी म्हणजेच मोथा. खुरपणीत निघालेल्या गाठी धुऊन, वरचे तंतू काढून, वाळवून कुटल्या तर मातकट, गोडसर वास येतो. उटण्यात पडणारा नागरमोथा त्याचाच भाऊ.

सुगंधी मणी असे करतात

आता मण्यांची कृती सांगतो. आमच्यासमोर त्या घरातल्या मोठ्या सूनबाईंनी ती करून दाखवली.

सुरंगीचे सुके कळे किंवा बकुळीची सुकी फुले, वाळ्याची बारीक कातरलेली मुळे आणि मोथ्याच्या गाठी खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ पूड करावी. तिन्ही मिळून एक वाटी पूड घ्यावी. त्यात फुलांची पूड अर्धी असावी. पूड जाडीभरडी राहिली तर मणी तडकतात.

बाभळीचा स्वच्छ डिंक एक मोठा चमचा घेऊन पाव वाटी पाण्यात रात्रभर भिजत ठेवावा. सकाळी तो मधासारखा दाट झाला की फडक्यातून गाळून घ्यावा. पुडीत थोडा थोडा घालत भाकरीच्या पिठासारखा घट्ट गोळा मळावा. एकदम सगळा ओतू नये. गोळा सैल झाला तर मणी बसके होतात. मळलेला गोळा ओल्या फडक्याखाली तासभर मुरू द्यावा.

मग तळहाताला खोबरेल तेलाचा पुसट हात लावून बोराएवढ्या गोळ्या वळाव्यात. वाळताना त्या आकसतात, म्हणून पाहिजे त्याहून थोड्या मोठ्याच वळाव्यात. अर्धवट सुकल्या की तेल लावलेल्या दाभणाने मधोमध भोक पाडावे. फार ओल्या असताना भोक पाडले तर मणी चपटा होतो, आणि पूर्ण वाळल्यावर पाडले तर फुटतो. मग जाड दोऱ्यात ओवून सावलीत, वाऱ्यावर टांगावेत आणि रोज थोडे फिरवावेत, म्हणजे दोरा चिकटत नाही. चार-पाच दिवसांत मणी खडखडीत होतात.

पापड-कुरडया आपण कडक उन्हात टाकतो. इथे तसे करू नये. ऊन लागले की वासही उडतो आणि मणीही तडकतो. शिवाय मण्यांवर रोगण किंवा व्हार्निश लावू नये. चकाकी येते, पण वास आत कोंडतो. हे मणी अंगाच्या उबेने जास्त दरवळतात, म्हणून गळ्यात किंवा मनगटात घातलेले छान. पण आंघोळीपूर्वी काढावेत, पाण्याने डिंक सुटतो. लहान मूल तोंडात घालणार नाही याचीही काळजी घ्यावी.

मणी करून उरलेली भरड पूड, थोडे अख्खे कळे, संत्र्याची सुकी साल आणि दोन लवंगा एकत्र करून मलमलीच्या पुरचुंड्या बांधाव्यात. कपाटात, उशीखाली, गोधडीच्या घडीत ठेवायला त्या उत्तम. मात्र सुरंगीचा रंग कापडाला लागतो, म्हणून पुरचुंडी दुहेरी कापडाची करावी आणि रेशमी साडीला थेट टेकवू नये.

झाड राहिले तर

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. येणारा पाहुणा काजू, कोकम आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी घेऊन जातो. त्याच पिशवीत सुरंगीच्या मण्यांची एक माळ का जाऊ नये? पोत्याने विकलेल्या कळ्याचा भाव व्यापारी ठरवतो, माळेचा भाव माळ करणारी ठरवते. यातून माडी बांधता येईल असे कोणी म्हणत नाही. पण पेरणीच्या आधी, हातात पैसा नसण्याच्या दिवसांत, बायकांच्या हातचा चार पैशांचा आधार होतो, एवढे खरे.

काळजी आहे ती झाडांची. सुरंगी संथ वाढते. आज लावलेले रोप फुलायला बरीच वर्षे जातात. फुलण्याआधीच कळे काढले की बी धरत नाही आणि नवी रोपे आपोआप उगवणे कमी होते. काजूची बाग लावायला जागा हवी म्हणून जुनी झाडे तोडली जातात. झाडावर चढणारी तरुण मुले नोकरीसाठी मुंबई-गोव्याला गेली की बहर झाडावरच वाळून जातो, आणि मग ‘ह्या झाडाचा उपयोग काय?’ असा प्रश्न घरातच निघतो. त्या आजींच्या परसातले झाड विकत मागायला माणूस आला होता. त्यांनी त्याला एवढेच सांगितले, “पणज्यान लावलेला झाड, तेका कोण हात लावतलो?”

तेव्हा दोन फांद्यांचा बहर तरी बियांसाठी राखावा, आणि गावात दर पावसाळ्यात थोडी रोपे लावावीत, असे जाणती माणसे सांगतात. झाडावर चढताना कमरेला दोर बांधावा, हेही त्यातच आले. कळ्यापेक्षा माणूस मोलाचा.

आपल्या गावासाठी

देशावरच्या वाचकांकडे सुरंगी नाही, म्हणून हिरमुसायचे कारण नाही. बकुळ देवळाच्या आवारात, शाळेच्या अंगणात पुष्कळ ठिकाणी आहे. तिची पडलेली फुले कोणी वेचत नाही एवढेच. लव्हाळा तर न मागता मिळतो. वाळा पावसाळ्याच्या सुरुवातीला ठोंब लावून कुठेही येतो आणि बांधाची माती धरून ठेवतो. पण बांधावरचा वाळा मुळांसाठी उपटू नये, नाहीतर बांधच जाईल. मुळांसाठी रेताड, भुसभुशीत जागी वेगळे चार ठोंब लावावेत. साधारण पंधरा ते अठरा महिन्यांनी मुळे काढण्याजोगी होतात.

बचत गटातल्या बायकांनी आधी दहा माळा करून पाहाव्यात, एक महिना घरातच ठेवून त्यांचा वास किती टिकतो ते पारखावे आणि मगच बाजाराचा विचार करावा. फुले मात्र औषध न फवारलेलीच घ्यावीत. यंदा पापडांचे वाळवण खळ्यात पडेल तेव्हा सावलीच्या बाजूला एक सूप बकुळीच्या फुलांचेही असू द्या.