वशिला आणि ओळख

मुलगा किंवा मुलगी दहावीच्या पुढे सरकली, की आपल्या घरात एक प्रश्न मुक्कामाच्या पाहुण्यासारखा येऊन बसतो. "तिकडं आपली कुणाची ओळख आहे का हो?" तिकडे म्हणजे नेमके कुठे, हे मागाहून ठरते; ओळख आधी हवी. रेल्वेतली जागा असो, इस्पितळातली खाट असो, की पोराची नोकरी असो, ओळख असली की काम होते आणि नसली की अडते, अशी आपली पिढीजात समजूत आहे. गंमत अशी, की या ओळखीत कुणीच कुणाला ओळखत नसते. मामेभावाच्या साडूचे शेजारी तिथे हेडक्लार्क असतात, आणि एवढ्याशा धाग्याला आपण पोराच्या आयुष्याचा झोका बांधतो. हल्ली ही बाई पेहराव बदलून 'नेटवर्किंग' या नावाने मिरवते. शहरांतून तिचे वर्गही भरतात म्हणे.

या विषयावर बोलण्याचा मला काही अधिकार असेलच, तर तो आमच्या शाळेतल्या विमानमंडळाने दिला आहे. मी कादंबऱ्या लिहितो आणि पोटापाण्यासाठी कार्यानुभवाचे तास घेतो. स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. असल्या माणसाचा विमानाशी संबंध काय, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, पण तो डोक्यावरचा! आमची शाळा निफाड तालुक्यातली, ओझरपासून फार लांब नाही. ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला तो मिग-२१ विमाने बांधायला. पुढे तिथे सुखोई जुळवली जाऊ लागली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए या विमानाने त्याच धावपट्टीवरून पहिली झेप घेतली. म्हणजे आमच्या द्राक्षबागांवरून गेली साठ वर्षे विमाने गरजत जात आहेत. तो आवाज आला, की वर्गातल्या साऱ्या माना खिडकीकडे वळतात. मी खडू हातात धरून मुकाट्याने थांबतो. सुखोईपुढे कार्यानुभवाचा काय पाड लागणार?

पण या पोरांच्या आईबापांना कुंपणाच्या आत काय चालते, तिथे कोण काम करतो, तिथवर पोचायचे तर कुठून निघायचे, याची काहीच वार्ता नसते. विमान रोज डोक्यावरून जाते आणि वाट मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून २०१७ च्या पावसाळ्यात आठवी-नववीची अकरा पोरे गोळा करून आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर विमाने करायला बसलो. सामान म्हणजे टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोल, केरसुणीचे हीर, रबराचे बंद आणि चिकटपट्टी. पहिल्या दिवशी अकरा विमाने उडाली आणि अकराही पडली. त्यातले एक मुख्याध्यापकांच्या चहात पडले; त्याला आम्ही पाण्यावर उतरणारे विमान असे नाव दिले.

पडण्याचे कारण सगळ्यांचे एकच होते. पोरांनी शेपट्या ऐटदार आणि जड केल्या होत्या. शेपूट जड झाले, की नाक वर होते, वेग मरतो आणि विमान धापकन खाली येते. पंखाच्या रुंदीचे चार भाग कल्पिले, तर पुढच्या कडेपासून एक भाग सोडून किंवा थोडे मागे विमानाचा तोल यावा लागतो. तिथे दोन बोटे टेकवून विमान आडवे राहिले की झाले. त्यासाठी नाकाला चिकणमातीची गोळी चिकटवायची आणि पंखांची टोके किंचित वर उचलायची. पुढच्या शनिवारी विमाने मैदानभर तरंगली. वजन वाढवल्याने वस्तू जास्त दूर जाते, हे पोरांना काही केल्या पटेना. मला मात्र मंडळातली काही पोरे आठवली. त्यांनाही नाकाशी थोडी माती हवी होती.

या खेळाची कुळकथा मोठी रंजक आहे. पेनो नावाच्या फ्रेंच तरुणाने १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत रबराच्या पिळावर चालणारे लहानसे विमान उडवून दाखवले. त्याच्याच धर्तीचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांसाठी आणले. थोरला अकरा वर्षांचा विल्बर, धाकटा सात वर्षांचा ऑर्व्हिल. पुढची गोष्ट जगाला माहीत आहे. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉकची वाळू, १२ सेकंद आणि १२० फूट. परंतु खेळणे आणि ते १२ सेकंद यांच्यामधली एक गोष्ट पाठ्यपुस्तकात नसते. मला तीच महत्त्वाची वाटते. ती म्हणजे पत्रे.

हे दोघे भाऊ सायकली दुरुस्त करीत. शाळेचे शेवटचे प्रमाणपत्र दोघांपैकी एकाकडेही नव्हते, हे वाचून मला किती बरे वाटले म्हणून सांगू! वशिला तर नावालाही नाही. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहिले. मला उड्डाणाच्या विषयात रस आहे, तुम्ही छापलेले निबंध पाठवा आणि आणखी काय वाचावे ते कळवा. आपण वेडे नाही, एवढा खुलासा करायलाही तो विसरला नाही. थोड्याच दिवसांत निबंध आले, पुस्तकांची यादी आली. पुढल्या वर्षी, १३ मे १९०० रोजी, त्याने ऑक्टेव्ह शानूट या वयोवृद्ध अभियंत्याला पत्र घातले. शानूट रेल्वेचे पूल बांधणारा नामांकित माणूस. त्याने सायकलवाल्याला उत्तर दिले, आणि दहा वर्षे त्या दोघांची शेकडो पत्रे एकमेकांकडे जात राहिली. वारा कुठे भरपूर मिळेल म्हणून विल्बरने किटी हॉकच्या हवामान केंद्रालाही लिहिले होते. तिथल्या माणसाने उत्तर धाडलेच, शिवाय ते पत्र गावातल्या विल्यम टेट यांच्या हाती दिले. टेटने वाळूच्या टेकड्यांचे, वाऱ्याचे सविस्तर वर्णन कळवले आणि जरूर या म्हणून लिहिले. विमानाच्या जन्माला असे अनोळखी लोकांचे हात लागले आहेत, आणि ते नुसत्या टपालाच्या तिकिटावर मिळालेले आहेत.

तेव्हापासून आमच्या मंडळाचा नियम झाला. विमान उडवता आले, की दिवाळीच्या सुटीत प्रत्येकाने विमानाच्या कामातल्या एका अनोळखी माणसाला पत्र लिहायचे.

पहिल्या वर्षीचे मसुदे पाहण्यासारखे होते. "आपल्या चरणी बालकाचा साष्टांग दंडवत" येथून सुरुवात होऊन "माझ्या जन्माचे सोने करावे" इथे शेवट. मधे कुठेही प्रश्न नाही! मी ती पत्रे परत केली. आपण कोण ते एका ओळीत. आपण हाताने काय केले ते दोन ओळींत. मग एकच प्रश्न, आणि तोही त्या माणसाला त्याच्या कामातून सांगता येईल असा. नोकरी मागायची नाही, शिफारस मागायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, उत्तर आले तर त्याप्रमाणे करून पाहायचे आणि काय झाले ते उलट टपाली कळवायचे. माणसे पहिल्या पत्राने ओळखीची होत नाहीत, दुसऱ्याने होतात. उत्तर आले नाही, तर रुसायचे नाही. दुसऱ्याला लिहायचे.

अकरा पत्रांपैकी चारांना उत्तरे आली. त्यातले एक विमानांच्या कामात उभा जन्म घालवून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांचे होते. एका पोराने विचारले होते, "विमान दुरुस्त करताना सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते?" काका उत्तर घेऊन स्वतःच स्कूटरवर शाळेत आले. म्हणाले, "विसरलेल्या पान्याची, बाळ." मग त्यांनी समजावले. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. काम संपले की पाना आपल्या आकृतीवर परत. एक आकृती जरी रिकामी दिसली, तरी तो पाना सापडेपर्यंत विमान जमिनीवरून हलत नाही. दुसऱ्याच शनिवारी आमच्या कार्यानुभवाच्या कपाटात कात्र्यांच्या आकृत्या उमटल्या. त्यानंतर शाळेची एकही कात्री हरवलेली नाही. काकांनाही हे पत्राने कळवण्यात आले.

पोरांना त्यांनी आणखी एक वाट दाखवली. राष्ट्रीय छात्रसेनेला १९५० पासून हवाई शाखा आहे आणि विमानांच्या प्रतिकृती करणे हा तिच्या शिक्षणाचाच भाग आहे. महाविद्यालय निवडताना ती शाखा कुठे आहे ते पाहा, असे त्यांनी सांगितले. आमच्यापैकी कुणालाच हे ठाऊक नव्हते.

आता ज्या प्रसंगासाठी हे सारे लिहायला घेतले, तो सांगतो. मंडळातली एक मुलगी २०२२ साली बारावी झाली. वडिलांची तीन एकर द्राक्षे. पोरीला वैमानिक व्हायचे होते. ही बातमी कशी कोण जाणे शहरातल्या एका गृहस्थांपर्यंत पोचली आणि ते मोटारीने बांधावर आले. "वरपर्यंत आपली ओळख आहे. प्रवेश माझ्याकडं लागला, आणि पुढची नोकरीसुद्धा. फक्त रक्कम आधी लागेल, ती पोचवावी लागते." रक्कम मोठी होती. वडील अर्धा एकर बाग विकायला निघाले. मला भेटले तेव्हा त्यांच्या बोलण्यात दुःखापेक्षा कृतज्ञताच जास्त होती. "गुरुजी, आपल्यासारख्याला अशी ओळख कोण देतो?"

मी काही बोलण्याआधीच पोरीने मंडळाच्या शिस्तीप्रमाणे काकांना पत्र टाकले होते. चौथ्या दिवशी उत्तर आले. त्या कागदाची प्रत माझ्याकडे आहे. त्यातला मजकूर साधारण असा. संस्थेचे नाव नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मान्य संस्थांच्या यादीत आहे का, ते आधी पाहा. एक रुपयाही भरण्यापूर्वी महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घे. डोळ्यांनी किंवा कानांनी नाही म्हटले तर पैसे वाचतील. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचे उड्डाण लागते. तेव्हा तिथे जाऊन विमाने किती आणि त्यातली उडती किती ते मोज, आणि २०० तास पुरे व्हायला किती महिने लागले ते शिकणाऱ्या मुलांनाच विचार. नोकरीची हमी कुणालाही देता येत नाही. जो देतो त्याला पावती माग. शेवटी लिहिले होते, की विमान उडवणारे दोघेच असतात, पण ते उडावे म्हणून जमिनीवर फार माणसे लागतात. देखभालीचा अभियंता सही करतो, तेव्हाच वैमानिकाला बसता येते.

वडिलांनी त्या गृहस्थांकडे पावती मागितली. त्यानंतर ती मोटार आमच्या बांधावर दिसली नाही. पावतीला भिणारी ओळख ती! बापलेक मात्र एका मान्य संस्थेत जाऊन आले, तिथल्या मुलांशी बोलले, खर्चाचा आकडा लिहून घेतला आणि घरी येऊन दोन रात्री विचार केला. मग पोरीनेच ठरवले, की बाग विकायची नाही. तिने देखभाल अभियंत्याचा अभ्यासक्रम घेतला. वैमानिक होण्याची इच्छा तिने सोडलेली नाही, आणि सोड म्हणून मीही सांगत नाही. दर महिन्याला तिचे एक पत्र काकांकडे जाते. त्यात आता एकाऐवजी दहा प्रश्न असतात, आणि काका तक्रार करीत नाहीत.

वशिला आणि ओळख यांत फरक कोणता, असे कुणी विचारले तर मी मुलांना १९३० सालची एक हकीकत सांगतो. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास, कुठल्याही बाजूने का होईना, विमानातून एकट्याने करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले. आदल्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९२९ रोजी, त्यांना देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला होता. समोरून इंग्लंडहून अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा पोरगा येत होता. मिसरमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी तिथे अडकून पडला होता. त्याला इंजिनाचे स्पार्क प्लग हवे होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून दिले. अस्पी पुढे गेला, थोडक्या अवधीने शर्यत जिंकला, आणि १९६० साली भारताचा वायुसेनाप्रमुख झाला. प्लग देताना जे. आर. डीं.ना हे ठाऊक असणे शक्यच नव्हते. समोर एक विमान उडायचे थांबले होते, एवढेच त्यांना दिसत होते.

वशिल्यात माणूस रांगेत दुसऱ्याच्या पुढे घुसतो. ओळखीत त्याला रांग कुठे आहे ते कळते, आणि पुढे कधीतरी तो मागच्याला ते सांगतो. वशिला संपतो, कारण तो खर्चावा लागतो. ओळख दिल्याने वाढते. आमची आठवीतली पोरे आता अकरावीतल्यांना विचारतात, अकरावीतली त्या मुलीला विचारतात, आणि ती काकांना. या साखळीत कुणीही कुणाचा मामेभाऊ नाही.

यंदाही सुटी लागण्यापूर्वी विमानमंडळातली पोरे पत्रे लिहायला बसली आहेत. कुणाला हवामान खात्यात विचारायचे आहे, कुणाला विमानतळाच्या मनोऱ्यावरून विमानांना वाट देणाऱ्या माणसाला. तुम्ही विमानाच्या कामात नसाल; पण लेथवर असाल, पेढीत असाल, दवाखान्यात असाल. आमच्यासारखी पोरे गावोगाव आहेत. एखाद्या दिवशी तुमच्याही पत्त्यावर असे कार्ड येईल. अक्षर वेडेवाकडे असेल आणि प्रश्न एकच असेल. उत्तराला दोन ओळी पुरतात.