ब्रॉक रोडचा चौक

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: ते फिरलं कुठे? आणि उत्तरही हमखास तेच: गेटिसबर्ग. ऑफिसातले सहकारी हेच सांगतात, सिनेमेही हेच सांगतात. १८६३ च्या जुलैचे पहिले तीन दिवस, दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ५१ हजार लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता, आणि शेवटच्या दुपारी दक्षिणेच्या १२ हजारांहून जास्त सैनिकांची उघड्या शेतांतून थेट तोफांवर चाल. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं!

मला हे उत्तर कधीच पटलं नाही. गेटिसबर्ग उत्तरेने जिंकलं, यात वाद नाही. पण जिंकल्यावर जनरल मीड सावध पावलं टाकत राहिला, आणि पावसाने फुगलेल्या पोटोमॅक नदीच्या काठी अडकून पडलेला रॉबर्ट ली १३ जुलैच्या रात्री सैन्यासह पलीकडे निसटला. युद्ध त्यानंतर आणखी २१ महिने चाललं. लढाईच्या दिवशी कोण जिंकलं यापेक्षा, दुसऱ्या दिवशी कोणी काय ठरवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

अँटिटमचंच घ्या. १७ सप्टेंबर १८६२, मेरीलँडमधलं शार्प्सबर्ग गाव. चार दिवस आधी उत्तरेच्या एका सैनिकाला शेतात तीन सिगार सापडले. ते ज्या कागदात गुंडाळले होते तो कागद म्हणजे लीचा गुप्त हुकूम होता: सैन्याची कोणती तुकडी कुठे जाणार, सगळं त्यात लिहिलेलं. शत्रूचा अख्खा आराखडा हातात पडूनही सेनापती मॅक्लेलनने पाऊल उचलायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ घेतला. (असे मॅनेजर आपण सगळ्यांनीच पाहिलेत.) मग मक्याच्या शेतात, एका खोलगट गाडीवाटेत आणि ओढ्यावरच्या दगडी पुलावर दिवसभर कत्तल झाली. एका दिवसात सुमारे २३ हजार लोक ठार, जखमी किंवा बेपत्ता. अमेरिकेच्या इतिहासात इतका रक्तरंजित दिवस दुसरा नाही. निकाल? जवळजवळ बरोबरी. ली माघारी गेला, मॅक्लेलनने पाठलाग केला नाही.

पण वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या टेबलावर जुलैपासून एक मसुदा पडून होता. बंडखोर राज्यांतले गुलाम मुक्त असल्याची घोषणा. परराष्ट्रमंत्री सीवर्डने सल्ला दिला होता की एखादा विजय मिळेपर्यंत थांबा, नाहीतर हा हरणाऱ्याचा आकांत वाटेल. लिंकनने अँटिटमलाच विजय म्हणायचं ठरवलं आणि पाचव्या दिवशी, २२ सप्टेंबरला, प्राथमिक घोषणा जाहीर केली. ती अपुरी होती. उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या सीमेवरच्या राज्यांतल्या गुलामांना ती लागू नव्हती. तरीही १ जानेवारी १८६३ पासून युद्धाचा अर्थच बदलला. तोवर ते राज्यं एकत्र ठेवण्यासाठी होतं, आता गुलामीविरुद्ध झालं. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. इंग्लंडला दक्षिणेची उघड बाजू घेणं अवघड होऊन बसलं. आणि १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी त्या युद्धातलं नेमकं काय उचललं ते बघा. लीचे डावपेच नाही, पिकेटची चाल नाही.

व्हिक्सबर्गबद्दल थोडक्यात. मिसिसिपीच्या काठावर उंच टेकाडावर वसलेलं हे शहर पडलं, की अख्खी नदी उत्तरेच्या ताब्यात आणि दक्षिणेचे दोन तुकडे. तोफा चुकवून जहाजं पलीकडे न्यायला ग्रँटने कालवा खणून पाहिला, तो फसला. शेवटी त्याने रात्रीच्या अंधारात जहाजं तोफांच्या समोरूनच नेली आणि शहराला वळसा घालून मागून वेढा दिला. ४७ दिवस लोक टेकाडात गुहा खणून राहिले, खेचरांचं मांस खाल्लं. ४ जुलै १८६३ ला, म्हणजे गेटिसबर्गच्या दुसऱ्याच दिवशी, २९ हजारांहून जास्त सैनिक शरण आले. गंमत अशी, की १८७६ मध्ये नदीने आपणहून पात्र बदललं आणि व्हिक्सबर्ग बाजूला टाकलं. ग्रँटच्या हजारो मजुरांना जमलं नाही ते तिने एकटीने केलं.

या युद्धाचा धागा आमच्या घरापर्यंत येतो तो कापसामुळे. आमची शेती यवतमाळ जिल्ह्यात आहे, आणि दिवाळीनंतर बाबा रोज कापसाचा भाव बघतात, अजूनही. दक्षिणेचा हिशोब असा होता, की आमचा कापूस थांबला की इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्लंड झक मारत आमच्या मदतीला येईल. त्याऐवजी इंग्लंडने इजिप्तकडे आणि हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. मुंबईत पैशांचा पूर आला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर भलत्याच भावाने विकले गेले. मग १८६५ मध्ये ली शरण आला, कापूस गडगडला, आणि १ जुलैला सौद्यांची मुदत भरली तेव्हा भले भले सावकार बुडाले. लढाया व्हर्जिनियात, दिवाळं मुंबईत. आपल्या पिकाचा भाव सातासमुद्रापलीकडे ठरतो, हे बाबांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पुण्यात नोकरी करताना 'नॉर्दर्न व्हर्जिनिया' हे माझ्यासाठी सर्व्हर कुठे ठेवायचा ते निवडण्याच्या यादीतलं एक नाव होतं. तीन वर्षांपूर्वी इथे राहायला आलो, तेव्हा कळलं की त्या नावाखाली जमीन आहे, आणि जमिनीखाली माणसं. घरापासून दीड तासावर विल्डरनेस नावाचं रान आहे. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी जुनी झाडं तोडल्यावर तिथे जी दाट, काटेरी, खुरटी झाडी माजली, तिच्यात ५ मे १८६४ ला ग्रँट आणि ली पहिल्यांदा समोरासमोर आले. ग्रँटकडे जवळपास दुप्पट माणसं, पण त्या झाडीत दहा पावलांपलीकडचं दिसेना. आदल्या वर्षी शेजारीच चॅन्सलर्सव्हिलची लढाई झाली होती, तिच्यातल्या कवट्या अजून उघड्यावर पडलेल्या. रान पेटलं आणि हलता न येणारे जखमी जिवंत जळाले. दोन दिवसांत उत्तरेची १७ हजारांहून जास्त माणसं गेली किंवा जायबंदी झाली.

आमच्या धंद्यात नवं व्हर्जन कोसळलं की पहिला हुकूम सुटतो, रोलबॅक. व्हर्जिनियातली उत्तरेची सेना तीन वर्षं तेच करत आली होती: लीकडून मार खायचा, नदीपलीकडे परतायचं, सेनापती बदलायचा. ७ मेच्या रात्री ब्रॉक रोडवरून निघालेल्या सैनिकांनाही तेच अपेक्षित होतं. पुढे ऑरेंज प्लँक रोडचा चौक लागतो. डावीकडे वळलं की चॅन्सलर्सव्हिल, नदी, माघार. सरळ गेलं की दक्षिण. ग्रँट सरळ गेला. अंधारात आपण कुठे चाललोय हे ज्यांना कळलं त्यांनी टोप्या उडवल्या, आरोळ्या ठोकल्या. शत्रूला ऐकू जाईल म्हणून ग्रँटला त्यांना गप्प करावं लागलं. ज्याला सगळे वळण म्हणतात, ते इथे न वळण्यात होतं.

मी त्या चौकात उभा राहिलो आहे. बघण्यासारखं काही नाही. दोन रस्ते, झाडं, भरधाव गाड्या. इथून जवळच हजारो घरं आणि डेटा सेंटर्स बांधायच्या योजनेला २०२३ मध्ये काउंटीने मंजुरी दिली आणि इतिहासप्रेमी संस्था कोर्टात गेल्या. मी त्यांच्या बाजूचा आहे. माझा पगार दुसऱ्या बाजूचा आहे. रात्री दोन वाजता मी जो कोड चढवतो, तो अशाच कुठल्यातरी खिडक्या नसलेल्या इमारतीत चालतो.

आरोळ्या ठोकणाऱ्यांचं पुढे काय झालं, हे सिनेमात कमी येतं. आठवडा संपायच्या आत स्पॉट्सिल्व्हेनियाच्या चिखलात ते हातघाईवर आले. ३ जूनला कोल्ड हार्बरला खंदकांवर धाडले गेले आणि कापले गेले. सहा-सात आठवड्यांत उत्तरेची सुमारे ५५ हजार माणसं खर्ची पडली आणि वर्तमानपत्रं ग्रँटला खाटीक म्हणू लागली. ऑगस्टमध्ये लिंकनला आपण निवडणूक हरणार याची इतकी खात्री होती, की त्याने तसं लिहून, कागद घडी घालून, मंत्र्यांना न दाखवता त्यावर त्यांच्या सह्या घेतल्या. २ सप्टेंबरला शर्मनने अटलांटा घेतलं म्हणून तो वाचला. ग्रँट तेव्हा पीटर्सबर्गच्या खंदकांसमोर बसून होता. तिथून तो एप्रिलपर्यंत हलला नाही.