पाणी घालण्याआधी कुंडी उचलून बघा



घरातलं एखादं झाड मेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी घातलं नव्हतं का?" अडेनियमच्या बाबतीत मात्र विचारावं लागतं, "पाणी किती वेळा घातलंत?"

अडेनियम तुम्ही नर्सरीत नक्की पाहिलं असेल. खाली मडक्यासारखं फुगलेलं खोड, वर चार-पाच आखूड फांद्या, टोकाला पानांचे झुबके आणि गुलाबी-लाल फुलं. त्याला वाळवंटी गुलाब म्हणतात, पण गुलाबाशी त्याचं काही नातं नाही. ते कण्हेर, सदाफुली आणि चाफ्याच्या कुळातलं झाड. त्याचं मूळ घर म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तान. येमेनमध्ये पेर फोर्स्कॉल या अभ्यासकाने त्याची नोंद केली आणि १७६३ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नोंदी कार्स्टन नीबुर या सहप्रवाशाने १७७५ मध्ये छापून आणल्या. मधल्या काळात हाच नीबुर मुंबईला आला होता आणि घारापुरीची लेणी पाहून त्याने त्यांची चित्रं काढली होती. झाडाच्या शास्त्रीय नावात 'ओबेसम' हा शब्द आहे. त्याचा अर्थ लठ्ठ! हे सांगितलं की मुलं खूप हसतात आणि नाव कायमचं लक्षात ठेवतात.

हा लठ्ठपणा म्हणजे त्याची पाण्याची टाकी. परिसर अभ्यासात आपण बटाटा आणि आलं ही अन्न साठवणारी खोडं शिकवतो. पाणी साठवणारं खोड शिकवायचं असेल तर हे झाड वर्गात ठेवा. पावसाळ्यात टाकी भरून घ्यायची, कोरड्या दिवसांत पानं गाळून गप्प बसायचं आणि साठा जपून वापरायचा, हा त्याचा स्वभाव. थंडीत पानं गळाली म्हणजे झाड मेलं असं नाही, ते विश्रांती घेत असतं. नेमकं याच वेळी आपल्याला त्याची दया येते आणि आपण तांब्या घेऊन धावतो.

आमच्या चौथीच्या वर्गात हेच झालं. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात खिडकीतल्या अडेनियमची पानं पिवळी पडली आणि खोड मऊ लागू लागलं. वर्गात दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणे, "बाई, त्याला तहान लागलीय." दुसरा म्हणे, "नाही, पाणी जास्त झालंय." मी म्हटलं, "ठरवायचं कसं?" तेव्हा एरवी क्वचित बोलणारी एक मुलगी उठली. तिने दोन्ही हातांनी कुंडी किंचित उचलली आणि म्हणाली, "बाई, जड आहे. आमची आजी असंच माठ हलवून बघते, पाणी आहे की संपलंय."

वरची माती कोरडी होती, पण खाली चिखल होता. चौकशी केली तेव्हा कळलं, घरी जाताना प्रत्येक जण आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी झाडाला घालत होता. तेही अगदी मायेने.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तहानलेलं आणि कुजणारं, दोन्ही झाडांचं खोड मऊ लागतं. दोघांचीही पानं पिवळी पडतात. पण तहानलेल्या झाडाचं खोड सगळीकडून थोडं सैल पडतं, सालीवर सुरकुत्या येतात, माती कोरडी ठणठणीत असते आणि कुंडी हलकी लागते. कुजणारं खोड बहुधा एखाद्याच जागी दबतं, तिथे काळपट होतं, वास येतो आणि कुंडी जड असते. पहिल्याला पाणी हवं. दुसऱ्याला पाणी घातलं तर ते मरतं.

कुंडी कशी बदलावी?

एरवी कुंडी बदलायला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ चांगला, कारण तेव्हा नवी वाढ सुरू होते. कूज लागली असेल तर मात्र थांबू नका. आधी हातमोजे घाला. कण्हेरीसारखाच याचा चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. छाटणीचं काम मोठ्यांनीच करायचं, मुलांनी लांबून बघायचं आणि झाड लहान मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायचं.

कुंडी बदलण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवा. झाड अलगद काढून माती झाडा. कुजलेली मुळं आणि खोडाचा कुजलेला भाग आतला निरोगी गर दिसेपर्यंत स्वच्छ चाकूने कापा आणि त्यावर बुरशीनाशक पावडर लावा. मग झाड आठ-दहा दिवस सावलीत तसंच उघडं ठेवा. मुलांना हे फार कठीण जातं. "बाई, बिनमातीचं ते जगेल कसं?" असं रोज विचारतात. उत्तर त्या फुगलेल्या खोडातच असतं!

मातीच्या भोक असलेल्या कुंडीत एक भाग बागेची माती, एक भाग कुजलेलं खत आणि दोन भाग जाड वाळू व विटांचे बारीक तुकडे घाला. झाड लावताना फुगीर भाग आधीपेक्षा थोडा वर ठेवा, म्हणजे त्याचा आकार दिसतो. कुंडी फार मोठी नको, जास्त मातीत ओल जास्त राहते. पहिलं पाणी आठवड्याने घाला. पुढे माती पूर्ण वाळली की भरपूर पाणी द्यायचं, थेंब थेंब रोज नाही. घरात ठेवायचं तर पाच-सहा तास ऊन येणारी खिडकी हवी. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन आत येतं. मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर असतो तेव्हा येत नाही, मग कुंडी पूर्वेच्या खिडकीत हलवावी. सूर्याच्या भासमान भ्रमणाचा पाठही त्यातच होऊन जातो.

आमच्या झाडाला होळीच्या सुमारास नवी पानं फुटली.

पालकांनो, आता थोडं तुमच्याशी. पालकसभेत मला नेहमी ऐकू येतं, "मूल मागे पडतंय, अजून एक क्लास लावू का?" गप्प झालेलं, अभ्यासात मऊ पडलेलं मूल कधी खरंच तहानलेलं असतं. त्याला कुणी वेळ दिलेला नसतो, कुणी शेजारी बसून वाचून दाखवलेलं नसतं. आणि कधी ते आधीच काठोकाठ भरलेलं असतं. शाळा, ट्यूशन, स्कॉलरशिपचे सराव पेपर, सुट्टीतलं शिबिर... बाहेरून दोन्ही मुलं सारखीच दिसतात. आपला हेतू दोन्ही वेळा चांगलाच असतो, बाटलीतलं पाणी ओतणाऱ्या माझ्या मुलांसारखा. म्हणून आणखी काही देण्याआधी वजन बघायला हवं. चार दिवस काहीही न सांगता मुलाबरोबर नुसतं बसा. झोप, भूक, खेळ कसं आहे ते बघा. मग ठरवा.

शिक्षकांसाठी एक छोटा उपक्रम. पाणी घातल्यावर कुंडीचं वजन करा, मग दर दोन दिवसांनी करा आणि मुलांकडून तक्ता भरून घ्या. महिन्यातून एकदा खोडाला दोरा गुंडाळून घेर पट्टीवर मोजा. वजाबाकी, परिमाणं आणि आलेख आपोआप येतील. आणि पाणी कधी घालायचं, हे तुमची मुलंच तुम्हाला सांगतील.