ब्यूनॉस आयर्समधला एक गुरुवार

प्रवासाला निघालेल्या मध्यमवर्गीय माणसाला एक खोड असते. तिकिटाला पडलेला रुपयान् रुपया डोळ्यांनी वसूल करायचा! दिवसाकाठी आठ स्थळे आणि दोन संग्रहालये पदरात पडल्याखेरीज त्याला रात्रीचे जेवण गोड लागत नाही. गेल्या वर्षी अर्जेंटिनाच्या राजधानीत मात्र आम्ही उभयतांनी एक दिवस असा काढायचा ठरवला की यादी नाही, गाइड नाही आणि घाई तर मुळीच नाही. पाय नेतील तिकडे जायचे.

महिना नोव्हेंबरचा. आपल्याकडे दिवाळीचे डबे रिकामे होऊन थंडीची चाहूल लागते, तेव्हा तिथे वसंत भरात असतो. दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, म्हणून आम्ही सवयीने सावलीची बाजू धरावी तर नेमके ऊन! पण रस्तोरस्ती नीलमोहर फुलला होता. जॅकरांडा म्हणतात तोच हा. पुण्या-मुंबईला तो पाहुणा. त्याचे मूळ घर इकडचे, अर्जेंटिनाच्या वायव्येचे. कार्लोस थाइस नावाचा एक फ्रेंच उद्यानतज्ज्ञ 1891 पासून या शहराच्या बागांचा प्रमुख होता. त्याने ही झाडे इथे लावली आणि दर नोव्हेंबरात फुटपाथवर जांभळी सतरंजी अंथरण्याची कायमची सोय करून ठेवली.

सांता फे रस्त्यावर एक पुस्तकांचे दुकान आहे, एल अतेनेओ. 1919 साली नाटकगृह म्हणून बांधलेली ही इमारत 2000 सालापासून पुस्तकांनी भरली आहे. वर रंगवलेला घुमट, भोवती सोनेरी सज्जे, आणि रंगभूमीवर, लाल मखमली पडद्यांच्या मध्ये, चक्क कॉफीची टेबले! सज्जातल्या बॉक्समध्ये बसून लोक पुस्तके वाचत होते. स्पॅनिश येत नाही म्हणून आम्ही चित्रे पाहिली. तासभरात एकानेही ‘घेणार आहात का?’ असे विचारले नाही.

तिथून ‘नऊ जुलै’ नावाच्या राजमार्गावर आलो. 1816 साली 9 जुलैला देशाने स्वातंत्र्य जाहीर केले, त्याची ही आठवण. एका हिरव्या दिव्यात हा रस्ता ओलांडायचा म्हणजे तरण्याताठ्याचे काम. मध्ये दोन ठिकाणी विसावा घेत आम्ही पलीकडे पोचलो, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, “नदी ओलांडल्यासारखं वाटतंय. नारळ तरी सोडायचा होता!” वाटेत 1908 सालचे कोलोन हे भव्य संगीतनाट्यगृह आणि 1936 साली उभारलेला उंच पांढरा स्तंभ लागला. दोघांनाही बाहेरूनच नमस्कार केला.

दुपारी तोर्तोनी कॅफेत शिरलो. 1858 पासूनचे हे ठिकाण. संगमरवरी टेबले, जुने लाकूड, रंगीत काच. मला आपल्या इराण्याची आठवण झाली. फक्त ‘विनाकारण बसू नये’ ही पाटी तेवढी नव्हती. उलट इथला रिवाज असा, की मागितल्याशिवाय बिल आणायचे नाही. न मागता बिल आणणे म्हणजे गिऱ्हाइकाला ऊठ म्हणणे! एका कप चॉकलेटवर आम्ही दीड तास काढला.

गुरुवार होता. कॅफेपासून पंधरा मिनिटांवर प्लाझा द मायो हा मोठा चौक आहे, समोर राष्ट्राध्यक्षांची गुलाबी कचेरी. चौकाच्या मध्यावर एक लहानसा स्मारकस्तंभ, आणि त्याच्या भोवती फरशीवर पांढरे रुमाल रंगवलेले. साडेतीन वाजले आणि डोक्याला तसेच रुमाल बांधलेल्या काही अतिवृद्ध बायका आल्या. एक चाकांच्या खुर्चीत होती. त्यांच्यामागे तरुण मंडळी फोटो घेऊन उभी राहिली आणि सगळे त्या स्तंभाभोवती फिरू लागले.

1976 साली मार्चमध्ये लष्कराने सत्ता घेतली, ती 1983 पर्यंत सोडली नाही. त्या काळात हजारो माणसे घरांतून, कामावरून, रस्त्यांवरून उचलली गेली आणि नाहीशी झाली. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा 30,000 सांगतात. 30 एप्रिल 1977 रोजी चौदा आया ‘आमची मुले कुठे आहेत?’ एवढेच विचारायला या चौकात जमल्या. घोळक्याने उभे राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, “चालू लागा!” त्या चालू लागल्या. दोघी-दोघी, हातात हात घालून, इथेच, गोल गोल. मग दर गुरुवारी. हुकूम असा तंतोतंत पाळलेला दुसरा कुठे पाहायला मिळणार?

त्यांच्यातली पुढारी असुसेना व्हियाफ्लोर. मुलाला शोधता शोधता त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिलाही पळवून नेले. तिचे अवशेष ओळखू आले ते 2005 साली; रक्षा याच चौकात आहे.

आणि तो पांढरा रुमाल? गर्दीत एकमेकींना ओळखता यावे म्हणून पहिल्यांदा त्यांनी डोक्याला बांधले होते ते मुलांचे तान्हेपणीचे लंगोट. हे मी सांगितल्यावर सौभाग्यवती बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे जपून ठेवलेले होते.” आमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत एक पिवळे पडलेले टोपडे आहे. ते घालणारा आता चाळिशीला आला आहे.

फेरी संपली. शेजारच्या बाईंनी माते पुढे केला. भोपळ्याच्या पात्रातला कडवट काढा, आणि सगळ्यांना मिळून एकच नळी! उष्ट्याच्या बाबतीत आमच्या घरचे कायदे कडक. पण सौभाग्यवतींनी पात्र घेतले, शेवटपर्यंत ओढले आणि दोन्ही हातांनी परत दिले.

ऊन उतरले. कचेऱ्या सुटल्या, कबुतरे आली, पोरे त्या रंगवलेल्या रुमालांवरून उड्या मारीत गेली. आम्ही चौकातल्या बाकावर दिवे लागेपर्यंत बसून होतो. समोरून एक पोलीस दोनदा गेला. चालू लागा, असे काही तो म्हणाला नाही.